खालच्या तुकड्याची माती

ठाणे,
९ मे १९८९

ती. मामा,

पत्र लिहायला महिना लावला. मामी नक्की म्हणाली असेल, "शेरात गेली न् आमाला इसरली." तिला सांगा, विसरले नाही. दिवसभर काचेची भांडी आम्लात बुडवून धुते, मग ऊर्ध्वपातित पाण्याने तीनदा विसळते, आणि तरी शंका येते म्हणून चौथ्यांदा.

आज काम आहे म्हणून लिहितेय. पाड्यावरचा नवशा आणि त्याची बायको ठमी यांच्यासाठी तुम्ही तहसीलदारांना जो अर्ज लिहून दिलात, तो फिरत फिरत आमच्या प्रयोगशाळेपर्यंत आला आहे. चौकशी समितीने नाल्याचं पाणी मार्चमध्येच तपासून घेतलं. आता नाल्याकाठच्या शेतातली माती तपासून १२ जूनच्या आत अहवाल द्यायचा आहे. वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्यातून क्रोमियम नावाचा धातू पाण्याबरोबर येतो. तो ठमीच्या शेतात उतरला आहे का, एवढाच प्रश्न. उतरला असेल तर तिचं म्हणणं खरं ठरेल. नसेल तर समिती अर्ज निकालात काढेल, आणि नाला आहे तसाच वाहत राहील.

अर्ज माझ्या मामांच्या अक्षरात आहे हे मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मग काय झालं? अर्जदार तुम्ही नाही." मी स्वतः यायचं ठरलं होतं, पण जीप दुसरीकडे गेली. तेव्हा साहेब म्हणाले, "मामा तिथेच राहतात ना? त्यांच्याकडून मागवा. माती ती माती." मला ते पटलं नाही. तरी हे पत्र लिहायला घेतलं.

तर कृपा करून असं करा. ठमीच्या शेताच्या खालच्या, नाल्याकाठच्या तुकड्यात नागमोडी चालत दहा ठिकाणं निवडायची. बांधाजवळची, झाडाखालची, शेणखताच्या ढिगाजवळची जागा सोडायची. वरचा पालापाचोळा बाजूला करून वीतभर खोल खड्डा घ्यायचा आणि त्याच्या कडेची बोटभर जाड चकती कापायची. लाकडी किंवा बांबूच्या पट्टीने कापा. पत्र्याची बादली चालणार नाही, तिचं जस्त मातीत उतरतं. प्लॅस्टिकची घ्या. दहाही ठिकाणची माती एकत्र कालवून तिचे चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा कालवायचे. अर्धा किलो राहीपर्यंत असंच. मग नव्या पिशवीत. तशीच दुसरी पिशवी घराजवळच्या वरच्या तुकड्यातली, जिथे नाल्याचं पाणी कधीच चढत नाही. ती तुलनेसाठी.

प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी आणि बाहेर एक. चिठ्ठ्या पेन्सिलीनेच लिहा, शाई ओल्या मातीत फुटते. हसू नका. "डोळ्यांनी पाहिलं ते शाईने, कानांनी ऐकलं ते पेन्सिलीने" हा तुमच्या ओटीवरचा नियम मी अजून पाळते. पण या कामापुरती पेन्सिल.

शाळेत मी पाचवीपासून गेले. त्याआधी जे शिकले ते तुमच्या ओटीवर. म्हणून तुमच्यावर सोपवताना भीती थोडी कमी वाटते.

तुमची
हंसा

•

बेटेगाव,
१८ मे १९८९

चि. हंसास आशीर्वाद.

दोन्ही पिशव्या पंढरीबरोबर पाठवतो आहे. तो मेव्हण्याकडे ठाण्याला निघाला आहे, तुझ्या हातातच देईल. वाटेत कुठे ठेवू नकोस म्हणून दम दिला आहे. तो म्हणाला, "मास्तर, सोनां हाय का काय त्याच्यान?"

तुझी मामी रागावली आहे. नवी निळी बादली तिने अजून पाण्यालाही लावली नव्हती, ती मातीला गेली. वर म्हणते, "इतक्या लांब शिकाला धाडली ती माती मागवाला? आमच्या येलेला पोरी माहेराशी सुका जवला मागवीत."

नवशाला तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. त्याने ते पाठ केलं, अगदी समोरासमोरच्या वाट्यांसकट. पाढे पाठ करताना हे पोर इतकं शहाणं नव्हतं. खालच्या तुकड्यात दहा ठिकाणी वीतभर खणून माती काढली. बादलीत कालवली, चार वाटे केले, अर्धा किलो ठेवली. दुसरी पिशवी वरच्या तुकड्यातली.

माझं अक्षर मोठं झालेलं दिसेल. नोकरी सुटली की मास्तरालाही रेघेचा धाक राहत नाही. तब्येत ठीक. गुडघा कुरकुरतो.

पोरी, तू काळजी फार करतेस. लहानपणी पाटीवरचं अक्षर बरोबर आलं तरी पुसून पुन्हा काढायचीस. शेवटी पाटी झिजली.

तुझा
एकनाथमामा

•

ठाणे,
२ जून १९८९

ती. मामा,

पिशव्या सुखरूप पोचल्या. पंढरीने रिक्षातसुद्धा त्या मांडीवर धरल्या होत्या.

माती सावलीत कागदावर पसरून वाळवली, लाकडी दांड्याने ढेकळं फोडली, नायलॉनच्या चाळणीतून चाळली. तुमच्याकडे शिकले तसंच, जे जे केलं ते त्या क्षणी वहीत लिहिलं.

आता माझी अडचण. पहिल्या पिशवीत, म्हणजे खालच्या तुकड्याच्या मातीत, चाळणीवर कोळशाचे कण राहिले. बारीक, पण बरेच. दुसरीत जवळजवळ नाहीत. शिवाय पहिल्या मातीचा सामू, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा, ८.४ आला, दुसरीचा ६.३. म्हणजे पहिली माती अल्कधर्मी झाली आहे, जणू तिच्यात राख मिसळावी. राखेत असतं ते पालाशही दुप्पट. आणि ज्याच्यासाठी एवढं केलं ते क्रोमियम मात्र दोन्हीत सारखंच. किलोमागे पहिलीत ९४ मिलिग्रॅम, दुसरीत ८८. इथल्या काळ्या दगडाच्या मातीत तेवढं मुळातच असतं.

मी तीनदा मोजलं. यंत्राचा दिवा बदलून पाहिला. माती न घालता नुसत्या आम्लाची परीक्षा घेतली. आकडा हलला नाही.

साहेबांना कोळसा दाखवला. ते म्हणाले, "कोळसा म्हणजे माती नव्हे. काढून टाका." मी काढला, टाकला नाही. एका छोट्या बाटलीत भरून, तारीख घालून माझ्या कप्प्यात ठेवला आहे.

मामा, खालच्या तुकड्यात कोळसा कुठून आला? ठमी म्हणते तिथे भात पिवळं पडतं, मग माती इतकी निरोगी कशी? तुम्ही तिथे उभे होतात. तुम्हाला काय दिसलं ते मला कळवा. १२ तारखेला अहवाल जायचा आहे.

तुमची
हंसा

•

(कार्ड)

बेटेगाव, ७ जून १९८९

चि. हंसा,

कोळशाचं एवढं काही नाही. एप्रिल-मेमध्ये इथे भाताच्या रोपांसाठी घरोघर राब भाजतात. शेण, पाला, फांद्या पसरून पेटवतात. वाऱ्याने राख सगळीकडे उडते. धुवून टांगलेल्या सदऱ्यावरसुद्धा येते. माती निरोगी निघाली तर आनंदच मानावा. ठमीला मी समजावीन.

पाऊस टेकला आहे. मामीने लाकडं आत घेतली.

एकनाथमामा

•

ठाणे,
१९ जून १९८९

ती. मामा,

अहवाल गेला. "क्रोमियमचे प्रमाण नैसर्गिक पातळीइतकेच आढळले." एक ओळ.

तुमच्या कार्डाने मला दोन दिवस बरं वाटलं. मग वाटलं, वाऱ्याने उडालेली राख मातीच्या तोंडावर बसेल. वीतभर खोल कशी जाईल? आणि उडून फक्त खालच्या तुकड्यातच का पडेल, वरच्यात का नाही? पण तोवर टपाल गेलं होतं.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. अहवालासोबत एक तक्ता जातो, त्यात "नमुना घेणारा" असा रकाना असतो. मी तो कोरा ठेवला होता. साहेब म्हणाले, "तुमचंच नाव घाला. समितीत मामांना कोण ओळखतं? उगाच प्रश्न येतील." मी घातलं. शाईने. तारीखही घातली, १७ मे. त्या दिवशी मी ठाण्यात होते, हजेरीपटावर माझी सही आहे.

ओटीवर तुम्ही विचारायचात, "पाहिलंस?" मी नाही म्हणाले की तुम्ही माझ्या हातातला टाक काढून घ्यायचात. त्या दिवशी कोणी काढून घेतला नाही.

साधी गोष्ट आहे, सगळेच करतात, असं इथली मुलं म्हणतात. असेलही. पण तुम्ही पाहिलंत म्हणजे मी पाहिलं, असं मी मनाशी धरलंय. माझं उत्तर अजून आलेलं नाही मामा. तुम्ही तिथे उभे होतात ना?

हंसा

•

बेटेगाव,
७ जुलै १९८९

चि. हंसा,

हे पत्र मी सांगतो आहे आणि तुझी मामी लिहिते आहे. का, ते पुढे येईल.

परवा शाळेच्या पडवीत समितीची बैठक झाली. समितीचे लेखनिक होते, कारखान्याचे एक व्यवस्थापक होते, पाड्यावरची चाळीस-एक माणसं होती. व्यवस्थापकाने तुमचा अहवाल मोठ्याने वाचला. मग म्हणाला, "शेती जमेना, नाला वाकडा." लोक हसले. आपले लोकही हसले. नवशा खाली मान घालून बसला, असं तुझी मामी म्हणते. लेखनिकाने जाहीर केलं, की कोणाची हरकत असेल तर ३१ जुलैपर्यंत लेखी द्यावी, नाहीतर अर्ज बंद.

तेव्हा ठमी उठली. म्हणाली, "कुठली माती तपासली?"

लेखनिक म्हणाले, "तुझ्याच शेतातली, बाई. मास्तरांच्या भाचीने नेली."

ठमीचा आवाज माझ्याजवळ आला. ती म्हणाली, "मास्तर, ती मी काढली. आमच्या राबाची."

पोरी, झालं ते असं. नवशाने तुझं पत्र ऐकलं, पाठ केलं, हे खरं. पण त्या दिवशी सकाळीच सालवडहून मुकादम आला आणि त्याला कामावर घेऊन गेला. जाताना त्याने ठमीला सगळं समजावलं: दहा जागा, वीतभर खोल, प्लॅस्टिकची बादली, चार वाटे. फक्त माती कशाला पाहिजे ते सांगितलं नाही. "मास्तरच्या भाचीला ठाण्याला माती पायजे," एवढंच म्हणाला. आता ठमीचे शब्द जसेच्या तसे:

"मना वाटलां, शेराची बाय, गच्चीवर फुलझाडां लावीत असंल. ती पिवली माती धाडली ता झाडां मरतील, न् नाव ठमीचां. मास्तरची पोर पयल्यांदा कायतरी मागते, तिला नासकी माती कशी देऊ? आमची चांगली माती राबाची. शेन घालून, पाला घालून भाजलेली. तीच दिली. तुमी सांगितलां तशी, दहा जागची."

राब तिच्या झोपडीशेजारी उंचावर आहे. नाल्याचं पाणी तिथे सात जन्मात जायचं नाही. तुझा कोळसा तिथला.

नवशा संध्याकाळी परत आला, तेव्हा तो म्हणाला, "झाला काम, मास्तर." मी मान हलवली.

तू दोनदा विचारलंस, मी उभा होतो का. मी नव्हतो. गुडघा हे कारण सांगितलं असतं, पण गुडघा नव्हे. गेलं वर्षभर मला दिसत नाही, हंसा. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. समोर पांढरा पडदा धरल्यासारखं वाटतं. तुझी पत्रं मामी वाचून दाखवते. नवशाला वाचून दाखवलं असं मी लिहिलं, ते तुझ्या मामीने वाचलं आणि मी मास्तरासारखा शेजारी बसलो. माझी पत्रं मी अंदाजाने लिहीत होतो, म्हणून अक्षर मोठं. पिशव्या आल्या तेव्हा मी माती हातात घेऊन पाहिली. हाताला मऊ लागली. रंग दिसला नाही. दिसला असता तर काळी आणि पिवळी यांतला फरक न कळायला मी काही शहरातला नव्हे.

हे तुला कळू दिलं नाही, कारण तुला एक काळजी पुरत नाही.

(हा इतका लिवला ता माजा हात दुकला. त्याला ओरडू नको. तो आपला आपल्यालाच ओरडते. जमनामामी)

•

ठाणे,
११ जुलै १९८९

ती. मामा आणि मामी,

पत्र आज मिळालं. ते वाचून मी पहिलं काम केलं ते म्हणजे तुमचं १८ मेचं पत्र पेटीतून काढलं.

बाकी सगळं पत्र शाईत आहे. "खालच्या तुकड्यात दहा ठिकाणी" पासून "वरच्या तुकड्यातली" पर्यंतच्या ओळी तेवढ्या पेन्सिलीत आहेत.

तुम्ही मला फसवलं नाही, मामा. डोळ्यांना दिसत नसताना चाचपून टाक ठेवलात, पेन्सिल घेतलीत, आणि पुन्हा टाक घेतलात. ऐकलेलं आहे असं मला सांगितलंत. मी ते मे महिन्यातच पाहिलं होतं. पण मीच तुम्हाला पेन्सिल वापरा म्हणून लिहिलं होतं, तेव्हा वाटलं, चिठ्ठ्या लिहिता लिहिता तीच हातात राहिली असेल. बारा वर्षं पाळलेला नियम मी पाहूनही वाचला नाही. आणि तुमच्या पेन्सिलीवर मी शाई फिरवली.

डोळ्यांबद्दल आत्ता लिहीत नाही. लिहायला लागले तर हे पत्र संपणार नाही आणि आज मला दुसरं एक पत्र पुरं करायचं आहे. त्याची नक्कल सोबत पाठवते. मामी, वाचून दाखव.

हंसा

•

(सोबतची नक्कल)

११ जुलै १९८९

मा. साहेब,

नाल्याकाठच्या शेतजमिनीच्या अहवालातील नमुना क्र. १ त्या जमिनीतला नाही. तो उंचावरच्या, भाजलेल्या राबाच्या जागेतला आहे. चाळणीवरचा कोळसा, सामू आणि पालाश यांचे आकडे त्याला जुळतात. कोळसा मी जपून ठेवला आहे.

तक्त्यात "नमुना घेणारा" म्हणून माझे नाव व सही आहे. मी त्या जागी गेले नव्हते. ते लिहिणे खोटे होते. ते आपण सुचवले, हे खरे असले तरी हात माझा होता.

अहवाल मागे घेण्याचे पत्र ३१ जुलैपूर्वी समितीला जावे, अशी विनंती आहे. येत्या रविवारी, १६ तारखेला, मी स्वतःच्या खर्चाने जाऊन नमुने पुन्हा घेईन. आपण माझ्यावर जी कारवाई कराल ती मान्य आहे. परंतु ती काहीही असो, हे पत्र समितीच्या फायलीत लागावे.

हंसा

•

बेटेगाव
१९ जुलै १९८९

हंसा बाय,

हा पत्र मी माज्या मनानं लिवते. मामाला सांगितला नाय. मी अक्षरां शिकले ती तुज्यासंगाट, तू ओटीवर पाटीवर न् मी चुलीपाशी कोलशानं. चुकलां ता हासू नको.

तू गेलीस न् इकडं तुजीच बोलनी चालू हायत. तू गुडगाभर चिखलान त्यो पांडरा पाइप रोवतेस, वर करतेस, माती काडतेस, परत रोवतेस. दोनदा पडलीस. पडलीस तरी पिशवी वर धरून पडलीस. नवशा म्हनते, "मास्तरची भाची बुडल पन माती बुडू द्यायची नाय." मी छत्री धरून उबी, तू त्या कागदावर शाईनं लिवतेस, न् मी वरडते, अगो बाय, घरान चल न् लिव. तू म्हनलीस, "नाही मामी, इथेच." मामा बांदावर उबा व्हता. त्याला काय दिसत नाय. पन तू पाइप रोवलास का त्यो मोजी. एक. दोन. दहा झालां तवा खाली बसला.

ठमी तुला म्हनली ता माज्या कानान हाय. "पयल्यांदा चांगली दिली, बाय. आता खरी ने."

आता कामाचां सांगते. तू गेल्यापासून ठमी रोज सकाली येते न् इचारते, कागद आला का? तिचां रोप तयार हाय. वरच्या तुकड्याची आवनी झाली. खालच्यासाटी रोप राकून ठेवलंय. ती म्हनते, "रोप म्हातारां होतां. रोप कोनाची वाट बगत नाय. बायनं सांगितलां थांब, म्हनून थांबले. रयवारपावेतो थांबीन, मंग लावीन." गेल्या वर्षी त्या भाताचा पेज खाऊन पोरांचां पोट दुकलां असा ती म्हनते. खरां खोटां देव जाने. पन पोट उपाशी र्‍हायलां तरी दुकतांच. लवकर कलव.

मामाला पालघरला डोल्याच्या डाक्तरकडं नेला. त्यो म्हनला, पावसान डोला कापत नाय, थंडीन शिबीर हाय तवा आना. मामा म्हनते, "इतकां वर्स नाय बगितलां ता आनी सा महिने."

तुजी
मामी

•

(तार)

ठाणे, २२ जुलै १९८९
एकनाथ मास्तर, बेटेगाव
खालच्या तुकड्यात आवणी नको. रोप दुसरीकडे लावा. पत्र मागाहून. हंसा

•

ठाणे,
२३ जुलै १९८९

ती. मामा, मामी,

तार मिळाली असेल. देवा, आजचा रविवार उजाडायच्या आत मिळालेली असू दे.

खालच्या तुकड्याचे मी तीन भाग करून तीन पिशव्या आणल्या होत्या. नाल्याच्या तोंडाशी ११८०, मध्ये १२४०, पलीकडच्या बांधाशी १०६५. वरच्या तुकड्यात ९१. नुसत्या आम्लात काही नाही. मधली पिशवी पुन्हा पहिल्यापासून केली, १२२८ आली. साहेबांनी स्वतः यंत्रापुढे बसून एक नमुना मोजला. त्यांचाही आकडा तोच.

माझं पत्र त्यांनी दोन दिवस खणात ठेवलं. मग म्हणाले, "अहवाल मागे घेणं म्हणजे स्वतःच्या हाताने प्रयोगशाळेचं नाक कापणं. कळतं का तुम्हाला?" मी म्हणाले, कळतं. आकडा पाहिल्यावर मात्र त्यांनी मला बाहेर बसवलं आणि समितीचं पत्र स्वतः टंकलिखित केलं. माझी नक्कल त्याला जोडली. काल ते रजिस्टरने गेलं. वर्षभर मला कोणत्याही अहवालावर सही करता येणार नाही. नोकरी आहे. भांडी धुते, पहिल्यासारखीच.

मामा, मला वाटलं होतं आकडा आला की छातीवरचं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, दुसऱ्या बाजूला सरकलं. मी तार केली म्हणून ठमीचा तुकडा या वर्षी ओसाड राहणार. मातीत एवढं क्रोमियम आहे, हे मी पाहिलं. त्यातलं भाताच्या दाण्यात किती उतरतं, पोरांच्या पोटात दुखलं ते त्यानेच का, हे मला माहीत नाही. इथेही कोणाला नक्की सांगता येत नाही. तरी मी "नको" म्हणाले. चुकत असेन तर तिच्या घरातलं चार महिन्यांचं अन्न मी एका तारेने काढून घेतलं. तिला हे असंच सांगा. मला खात्री आहे असं सांगू नका. माती नासली आहे हे शाईत, आणि दाण्याचं पेन्सिलीत.

तुमच्या डोळ्यांच्या शिबिराची तारीख कळली की मला कळवा. मी रजा काढून येईन. तुम्ही मोजत होतात ते मला ऐकू येत होतं.

हंसा

•

बेटेगाव,
१४ जानेवारी १९९०

चि. हंसा,

शिबिरात कापलेल्या डोळ्याची पट्टी निघाली आणि तू परत गेलीस, त्याला तीन आठवडे झाले. काल चष्मा आला. भिंगं अशी जाड आहेत की मामी म्हणते, "सामनं बगतेस का मना चाटतेस?" एका डोळ्याने का होईना, रेघ दिसते. बघ, हे अक्षर दोन रेघांत बसलं.

आज सकाळी उन्हं चढल्यावर नवशाला घेऊन खालच्या तुकड्यात गेलो. कोणाचा हात धरला नाही. दोनदा ठेचकाळलो.

तुला लिहायचं म्हणून नीट पाहिलं. वरच्या तुकड्यात भाताचे बुडखे आहेत, दाट. ठमीने उरलेलं रोप तिथेच कोंबलं, पीक बेताचं आलं. रोपाच्या बाकीच्या मुठी तिने पाड्यावर वाटल्या होत्या, त्या घरांनी कापणीनंतर तिला दोन-दोन पायली भात आणून दिलं. खालचा तुकडा रिकामा आहे. नाल्याच्या तोंडापासून बांधापर्यंत जमिनीवर पिवळट पापुद्रा धरला आहे, पाय दिला की बिस्किटासारखा मोडतो. त्यावर गवतही नाही. समितीने चार कोपऱ्यांत लाल कापडाचे बांबू रोवले आहेत, त्यातला एक पडला होता, तो मी उभा केला. नाल्यात पाणी कमी आहे. पण आहे, आणि रंग तोच. अर्ज बंद झालेला नाही. लेखनिकाच्या वहीत तो "चालू" या शब्दाखाली आहे, मी स्वतः जाऊन वाचला.

मूठभर माती उचलून डोळ्यांजवळ धरली. मे महिन्यात पाहायची राहून गेली होती.

इथवर सगळं शाईने लिहिलं आहे, तू पाहशीलच. आता टाक ठेवतो आणि शेवटची ओळ पेन्सिलीने लिहितो, कारण ती ऐकलेली आहे.

ठमी म्हणते, "बायला लिवा, पुढल्या पावसाला आमी खाली भात लावू."

तुझा
एकनाथमामा